चारशे काडतुसं आणि एक दाणा

टेक्ससमधल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळात कुणाशी ओळख करून देताना माझ्या नवऱ्याचं काम दोन शब्दांत आटोपतं. "डेटाबेसमध्ये आहेत." समोरचा मान डोलावतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. माझी पाळी आली की मात्र वडा हातातच राहतो. "आणि काकू बंदुकीच्या दुकानात असतात." मग ठरलेले प्रश्न येतात. भीती नाही वाटत? तुम्ही चालवता? घरी ठेवलीय का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. अकरा वर्षं मी त्या दुकानात काम केलं, या मार्चमध्ये थांबले, आणि आजतागायत एकही गोळी झाडलेली नाही. काडतूस बसतं की नाही ते मी बघायचे आणि नसेल बसत तर का बसत नाही ते शोधून काढायचे. एवढ्यावर माझी अकरा वर्षं अतिशय मजेत गेली.

त्याआधी मी भोसरीला एका कारखान्यात गेज लावून, म्हणजे मापाचे पोलादी नमुने घालून, माल तपासायला होते. आमच्या खात्याचा नियम साधा होता. गो गेज आत गेलंच पाहिजे, नो-गो गेज जाता कामा नये आणि मधल्या मधे गप्पा चालणार नाहीत. सुपरवायझर ओळखीचा आहे, ट्रक दारात उभा आहे, ऑपरेटरची बायको बाळंत झालीय, यातलं काहीही गेजला ऐकू येत नाही. मलाही येत नसे, म्हणून कारखान्यात माझ्याबद्दल फार बरं बोललं जायचं नाही.

नवऱ्यामागोमाग अमेरिकेत आले तेव्हा पहिली काही वर्षं मला कामाची परवानगी नव्हती. घरातल्या सगळ्या डब्यांना नेमकं कुठलं झाकण बसतं ते तपासून झालं. शेजारणींच्या घरचीही झाकणं झाली. परवानगी आल्यावर एका दुकानाची जाहिरात दिसली. 'मोजमापाची सवय असलेली व्यक्ती हवी.' बंदुकीचं दुकान आहे हे दारात पोचल्यावर कळलं. मालक डेल, म्हणजे सहा फूट उंची, पांढरी मिशी आणि अतिशय मऊ आवाज. त्याने माझ्या हातावर दोन पोलादी पिना ठेवल्या आणि विचारलं, "यातली जाड कुठली?" मी चिमटीत फिरवून सांगितलं, "डावी. पण ही दोन्ही मापं तुम्ही पुसून ठेवत नाही, गंज धरतोय." त्याने पिना परत घेतल्या, पुसल्या आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

आता हे काम काय असतं ते सांगते. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे बरेच लोक काडतुसं विकत न आणता स्वतः भरतात. काडतूस उडालं की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती आतल्या दाबाने थोडी फुगलेली असते. तिला एका साच्यातून, म्हणजे डायमधून, दाबून पुन्हा मूळ अंगावर आणायचं. तोंड किंचित उमलवायचं, म्हणजे नवी गोळी आत शिरेल. दारू मोजून घालायची, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायची आणि उमललेलं तोंड परत मिटवायचं. हे सगळं हाताने ओढायच्या एका प्रेसवर होतं. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तसं बाक होतं. गिऱ्हाइकं तिथे बसून आपापली काडतुसं भरत आणि अडली की मला हाक मारत.

अडायची ती बहुतेक घट्ट चेंबरमुळे. बॅरलच्या ज्या भागात काडतूस बसतं ते चेंबर. साध्या पिस्तुलाचं चेंबर वाढत्या अंगाच्या पोरीला शिवलेल्या फ्रॉकसारखं सैल असतं, काहीही चालून जातं. स्पर्धेची खास बॅरल म्हणजे मापाचा ब्लाउज. नेम उत्तम लागतो, पण केसाएवढी चूक पोटात घालत नाही. म्हणून आमची परीक्षा अशी की बॅरल पिस्तुलातून सोडवायची, हातात उभी धरायची आणि काडतूस नुसतं आत सोडायचं. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला, बोटाने फिरवल्यावर फिरलं आणि बॅरल उलटी करताच आपल्या वजनाने बाहेर पडलं, तर पास. अंगठ्याने ढकलावं लागलं तर नापास. नापास काडतुसाला मार्करची शाई फासायची, परत सोडायचं, काढायचं आणि शाई कुठे खरवडली ते बघायचं. तोंडाशी खरवडली तर तोंड नीट मिटलेलं नाही. गोळीच्या खांद्यावर खरवडली तर काडतूस लांब झालंय आणि गोळी बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना टेकतेय. बुडाशी खरवडली तर पुंगळी पुरती दाबली गेलेली नाही. पोटाला एकाच बाजूला खरवडली तर गोळी तिरकी बसलीय. मार्कर सव्वा डॉलरचा आणि अक्कल फुकट, असं डेल म्हणायचा.

मला काकू हे नाव लावलं समीरने. हा नागपूरचा पोरगा, डॅलसमध्ये सॉफ्टवेअरमध्ये, शनिवार-रविवार नेमबाजी. एकदा सहाशे काडतुसं आणि लॅपटॉप घेऊन आला. प्रत्येक काडतुसाची लांबी, रुंदी, वजन सगळं तक्त्यात भरलेलं. वर रंगीत आलेख.

"काकू, डेटा तर परफेक्ट आहे यार! ॲव्हरेज बघा, डेव्हिएशन बघा. तरी गन जॅम होते. बॅरल डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न करतो मी."

"यातलं एक तरी बॅरलमध्ये सोडून पाहिलंस का?"

"नाही, पण ॲव्हरेज..."

"ॲव्हरेज पिस्तुलात घालतोस का रे?"

शाई फासून पाहिली. साहेबांनी गोळी एका कंपनीची घेतली होती आणि लांबी दुसऱ्या कंपनीच्या गोळीची धरली होती. नवी गोळी खांद्यात जाड, ती आधीच खाचांना टेकत होती. सहाशे वेळा अचूक मोजून सहाशे वेळा चुकीचं. त्याने कपाळावर हात मारला आणि जाताना डेलला म्हणाला, "काकू इज द बेस्ट!" डेलला वाटलं हेच माझं नाव. आठवड्याभरात अख्खं दुकान मला काकू म्हणायला लागलं. सत्तरीचे टेक्सन आजोबा टोपी काढून "मॉर्निंग, काकू" म्हणतात तेव्हा काय वाटतं ते मंडळातल्या कुणाला सांगून कळायचं नाही.

सगळंच असं कौतुकाचं नाही. दुसऱ्याच वर्षी एक बस चालवणारा गृहस्थ आला होता. त्याची काडतुसं अर्ध्यात अडकत होती. दुकानात गर्दी होती, मी शाई न फासताच सांगून मोकळी झाले, "तुम्ही प्रेसचा दांडा पूर्ण खाली ओढत नाही. हाताची सवय सुधारा." तो बिचारा मान खाली घालून गेला. काही महिन्यांनी त्याची बॅरल दुसऱ्याच माणसाकडून विक्रीला आमच्याकडे आली. चेंबर बनवतानाच आखूड कापलेलं होतं. त्यात जगातलं कुणाचंच काडतूस बसलं नसतं. बस चालवणाऱ्याने छंदच सोडला होता, असं विकणाऱ्याने सांगितलं. मी त्याचा नंबर शोधला, मिळाला नाही. न मोजता माणसाच्या हाताला दोष दिला, ही गोष्ट मला आजही टोचते.

आणि म्हणूनच वॉल्टरची गोष्ट सांगायची आहे.

वॉल्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. बायको गेल्यावर मुलाकडे, ग्रेगकडे राहायला आला. नातवंडं लहान म्हणून ग्रेगने प्रेस घरात ठेवू दिली नाही, तेव्हा डेलने ती आमच्या बाकावर बसवून दिली. वॉल्टरचे डाय एका निळ्या डब्यात माझ्या फळीवर असत. दर गुरुवारी उबर करून यायचा, दोन तास काडतुसं भरायचा आणि महिन्यातून एकदा ज्येष्ठांच्या स्पर्धेत खेळायचा. पिस्तुलात डेलने स्वतः बसवलेली, फार घट्ट चेंबरची बॅरल होती.

त्याचे हात अलीकडे थरथरायला लागले होते. ग्रेग त्याच्या मागे लागला होता की दारूशी खेळ आता पुरे. दोघांचं ठरलंही होतं. वॉल्टरने मला स्वतः सांगितलं, "काकू, माझ्याकडून एक जरी चूक झाली, तर प्रेस विकून टाकायची. मी शब्द दिलाय." हे तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. पण गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, आणि आठवड्यातून तेवढाच एक दिवस, हे मला माहीत होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात एका गुरुवारी त्याने शनिवारच्या स्पर्धेसाठी चारशे काडतुसं भरली. शुक्रवारी सकाळी तो परत दारात उभा. शर्ट कालचाच.

"बसत नाहीत," म्हणाला. "एकही बसत नाही. तपासायच्या साध्या गेजमध्ये जातात, माझ्या बॅरलमध्ये जात नाहीत." डबा बाकावर ठेवला आणि खुर्चीत बसून हात मांडीखाली दाबून घेतले. "ग्रेगचं बरोबर होतं. डेलला विचार, प्रेसला गिऱ्हाईक आहे का."

मला बस चालवणारा तो गृहस्थ आठवला. मी म्हटलं, "आधी शाई. मग रडारड."

पहिलं काडतूस सोडलं. आवाजच नाही, थिजलेल्या लोण्यात सुरी थांबावी तसं थांबलं. बाहेर काढून पाहिलं तर दोन खुणा. गोळीच्या खांद्यावर खाचांचे बारीक ओरखडे आणि तोंडाशी गोल चकाकती रेघ. म्हणजे काडतूस लांबही होतं आणि तोंडही पुरतं मिटलेलं नव्हतं. व्हर्निअर लावून लांबी मोजली. नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. साधं गेज तेवढं खपवून घेतं, त्याची बॅरल घेत नाही. दुसरं मोजलं. अर्धा मिलिमीटर. दहावं, पन्नासावं, तळातलं एक, मधलं एक. सगळीकडे तोच अर्धा मिलिमीटर.

तेव्हा माझ्या डोक्यात भोसरी जागी झाली. थरथरणारा हात एकदा जास्त दाबेल, एकदा कमी दाबेल. चारशे वेळा एकसारखी चूक तो करूच शकत नाही. एकसारखी चूक म्हणजे यंत्राची बैठक हललेली. शिवाय गोळी दाबणं आणि तोंड मिटवणं ही दोन्ही कामं वॉल्टर एकाच डायमध्ये करायचा. तो डाय वर उचलला गेला असेल तरच दोन्ही एकदम बिघडतील.

"वॉल्टर, डायला हात लावला होता?"

"त्याच्या मापाला? कित्येक वर्षांत नाही. माप धरून त्याच्या गळ्यातली रिंग आवळून ठेवलीय. आटे फिरवत रिंग प्रेसला टेकेपर्यंत न्यायचा, झालं. मोजावं लागत नाही."

मी डाय फिरवून काढला. रिंगची खालची बाजू उजेडात धरली. रिंगला एक चपटा झालेला, लालसर तांदळाचा दाणा चिकटला होता.

बुधवारी खंडेनवमी होती. भोसरीला आम्ही खंडेनवमीला मशीनं पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडू लावून पूजा करायचो. त्या दिवशी कुणी मशीन चालू करत नसे. इथे आल्यावरही मी ते चुकवलं नाही. डेल त्या दिवशी मागच्या खोलीत फिरकायचा नाही, फक्त पेढे किती वाजता मिळतील ते विचारायचा. मी सगळ्यांचे डाय काढून, पुसून, ओळीने मांडून कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या आणि परत ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवले होते. भक्तिभावाने. आणि वॉल्टरच्या रिंगखाली ओल्या कुंकवाने अक्षतेचा एक दाणा चिकटून राहिला होता; रिंग प्रेसऐवजी त्यावर टेकली आणि डाय तेवढाच वर राहिला.

खरं सांगते, एक क्षण हात फडक्याकडे गेला. पुसून टाकावं, 'रिंग सैल झाली होती' म्हणावं, बैठक लावून द्यावी. मालही सुधारला असता आणि माझी अब्रूही राहिली असती. पण रिंग सैल झाली म्हटलं असतं तर ती आवळायची राहिली ही चूक पुन्हा वॉल्टरचीच ठरली असती. मी दाणा नखाने सोडवला आणि त्याच्यासमोर कागदावर ठेवला.

"ही तुमची चूक नाही. माझी आहे."

त्याने खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं. दाणा उलटासुलटा करून पाहिला.

"हा शिजवलेला आहे का?"

"नाही. पूजेचा आहे." मी सगळं सांगितलं. वर्षातून एकदा हत्यारांची पूजा, कुंकू, फुलं, अक्षता.

"म्हणजे तू माझ्या डायची प्रार्थना केलीस?"

"डायची नाही. डायच्या पाया पडले."

"आणि काय मागितलंस?"

"मागायचं नसतं. वर्षभर चाललात म्हणून थँक्यू म्हणायचं असतं."

आधी त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. मग असा काही हसायला लागला की पुढच्या काउंटरवरून डेल धावत आला. वॉल्टरला बोलता येईना, तो नुसता कागदाकडे बोट दाखवत होता. डेलने दाणा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तोही हसत खाली बसला. मला इतकं हलकं वाटलं की मीही पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखी हसत सुटले.

मग कामाला लागलो. रिंग आणि प्रेस पुसून डाय परत बसवला, पाच काडतुसं बाजूला ठेवून बाकी सगळी एकेक करून पुन्हा प्रेसमधून काढली. गोळी तेवढीच अर्धा मिलिमीटर आत, जुन्या मापावर, त्याहून एक केसही जास्त नाही, कारण गोळी प्रमाणाबाहेर दाबली तर आतला दाब वाढतो आणि तो खेळ धोक्याचा. तोंडं मिटली. दांडा वॉल्टर ओढत होता, मी पुरवत होते, डेल बॅरल धरून सोडत होता. टक्. टक्. टक्. दुपारच्या जेवणाला माझ्या डब्यातल्या पोळीभाजीचे तीन वाटे झाले. चार वाजता शेवटचं काडतूस आत पडलं, फिरलं आणि उलटं करताच वॉल्टरच्या तळहातावर आलं. जाताना त्याने तो दाणा मागून घेतला, कागदाच्या पुडीत बांधून घड्याळाच्या भिंगाशेजारी खिशात ठेवला.

शनिवारच्या स्पर्धेत त्याचा चौदा जणांत नववा नंबर आला. पिस्तूल एकदाही अडकलं नाही.

सोमवारी ग्रेग आला. मी त्याला प्रथमच पाहत होते. चाळिशी ओलांडलेला, थकलेला, गाडीची किल्ली हातात तशीच. पुढे गिऱ्हाइकं होती म्हणून तो मागच्या खोलीत आला आणि दार लोटून उभा राहिला.

"मॅम, डॅडने फ्रिजवर तांदळाचा दाणा चिकटवलाय," तो म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मला एकच विचारायचंय आणि प्लीज खरं सांगा. त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही हे रचलंत का? तसं असेल तर मी समजू शकतो. पण मला माहीत असायला हवं. प्रश्न दारूचा आहे, घरात मुलं आहेत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माणूस बापासाठी घाबरला होता आणि प्रश्न अगदी बरोबर विचारत होता. मी म्हटलं, "ग्रेग, मी तीस वर्षं माल तपासते आहे. दया म्हणून एकही नग पास केलेला नाही. बसा."

नापास मालातले पाच नग मी नेहमी राखून ठेवते, ही जुनी खोड. ती पाच काडतुसं त्याच्यासमोर मांडली, चांगल्यातलंही एक राखलं होतं ते शेजारी ठेवलं आणि व्हर्निअर त्याच्या हातात दिला. कसा धरायचा ते दाखवलं. आकडे मोठ्याने वाचायला सांगितले.

त्याने चांगलं मोजलं. मग पहिलं. दुसरं. तिसऱ्याला त्याचा आवाज मंदावला. चौथ्यानंतर पाचवं त्याने दोनदा मोजलं.

"सगळी सारखीच लांब आहेत," तो म्हणाला.

"आता तुमच्या वडिलांचा हात आठवा. चहाचा कप धरताना कसा हलतो? तो हात ओळीने पाच वेळा हेच माप देईल?"

त्याने व्हर्निअर मिटवला, दोन्ही हातांनी अलगद बाकावर ठेवला. मग वॉल्टरच्या निळ्या डब्याकडे, त्याच्या प्रेसकडे, भिंतीवरच्या त्याच्या ॲप्रनकडे पाहत राहिला. या खोलीत तो याआधी कधी आलाच नव्हता.

"दर गुरुवारी ते किती वाजता येतात?" त्याने विचारलं.

"दहा."

"उबरने?"

"हो."

त्याने किल्ली खिशात टाकली. "या गुरुवारपासून मी आणीन," तो म्हणाला. "आणि इथे बसायला आणखी एक खुर्ची मिळेल का?"